वाचकांचे प्रश्न : दोन सांगाड्यांवर उभा असलेला कॉम्प्सोग्नॅथस

गेल्या अंकात ‘कॉम्प्सोग्नॅथस’ या लहानशा मांसाहारी डायनासोरविषयी एक चौकट प्रसिद्ध झाली होती. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या अखेरीस, आजच्या युरोपात वावरणारा, दोन पायांवर चालणारा आणि सरडे खाणारा हा प्राणी सव्वा मीटरपर्यंत लांब होता, एवढीच माहिती तीत होती. चौकट छोटी असली तरी पत्रे बरीच आली. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. या प्राण्याचे आजवर अभ्यासले गेलेले सांगाडे दोनच आहेत, एक जर्मनीतील बव्हेरियाचा आणि दुसरा आग्नेय फ्रान्समधला. पुढील प्रत्येक उत्तर या दोन सांगाड्यांपाशी येऊन ठेपते, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी.

प्रश्न : हा डायनासोर कोंबडीएवढा होता, असे मुलांच्या बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते. चौकटीत मात्र लांबी सव्वा मीटर दिली आहे. यांतले खरे काय?

उत्तर : दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती दोन वेगवेगळ्या सांगाड्यांवरून आलेली आहेत. बव्हेरियातील प्राण्याची लांबी सुमारे ८९ सेंटिमीटर आणि फ्रान्समधील प्राण्याची सुमारे १२५ सेंटिमीटर भरते. शिवाय या लांबीचा मोठा वाटा शेपटीचा आहे. शेपटी आणि लांब मान बाजूला ठेवली, तर धडाचा आकार खरोखरच कोंबडीच्या जवळपास येतो. पुस्तकांतील वर्णन बव्हेरियातील नमुन्यापुरते चुकीचे नाही. फ्रान्समधील नमुना सापडण्याच्या आधीच ते रूढ झाले आणि नंतर कोणी ते बदलण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतकेच.

वजनाचे आकडे याहून सैल आहेत. हाडांच्या मापांवरून शरीराचे घनफळ काढून वजनाचा अंदाज बांधावा लागतो आणि त्यात स्नायू किती धरावेत, फुप्फुसांची पोकळी किती धरावी, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे पाऊण किलोपासून साडेतीन किलोपर्यंतचे आकडे दिसतात. लहान आकडे बव्हेरियातील प्राण्याचे आणि मोठे फ्रान्समधील प्राण्याचे, हे लक्षात ठेवले की त्यांतील विसंगती बरीच कमी होते.

‘जगातील सर्वांत लहान डायनासोर’ हा किताब मात्र आता या प्राण्याकडे राहिलेला नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ तो त्याच्याकडे होता, पण चीनमध्ये सापडलेले मायक्रोरॅप्टर आणि अँकिऑर्निस यांसारखे पिसांचे डायनासोर त्याच्याहून लहान होते.

प्रश्न : एवढी नाजूक हाडे १५ कोटी वर्षे कशी टिकली? आणि हा सांगाडा नेमका कोठे सापडला?

उत्तर : टिकण्याचे श्रेय त्या ठिकाणच्या चिखलाला आहे. ज्युरासिकच्या अखेरीस आजचा दक्षिण जर्मनी उथळ, उबदार समुद्राखाली होता आणि त्यात ठिकठिकाणी बेटे होती. स्पंज आणि प्रवाळ यांच्या भिंतींनी अडवलेली खाजणे या बेटांच्या आसपास तयार झाली होती. त्यांचे तळाचे पाणी अतिशय खारट झालेले आणि प्राणवायूला पारखे होते, त्यामुळे तेथे मृतदेह कुरतडणारे प्राणी फारसे जगू शकत नसत. वरून वाहत आलेला एखादा मृतदेह तळाशी बसला की त्याच्यावर चुन्याचा अतिशय बारीक गाळ हळूहळू साचत जाई. या गाळाचा पुढे पातळ पातळ थरांचा चुनखडक बनला आणि त्यात माशांची खवले, कीटकांच्या पंखांवरील शिरा, टेरोसॉर या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पंखांचे पडदेसुद्धा उमटले.

हाच दगड शिळाछपाईचा. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६च्या सुमारास शिळाछपाईचे तंत्र शोधले आणि बव्हेरियातील झोल्नहोफेन भागातील गुळगुळीत, सच्छिद्र चुनखडकाला छापखान्यांतून मागणी आली. शिळाप्रेससाठी लागणारी पाटी निर्दोष असावी लागते, म्हणून खाणकामगार प्रत्येक थर हाताने उलगडून पाहत, आणि या छाननीतच जीवाश्म हाती लागत. यंत्राने दगड फोडणाऱ्या खाणीत असा बारकाईचा शोध लागला असता की नाही, याची शंकाच आहे.

कॉम्प्सोग्नॅथसचा पहिला सांगाडा योझेफ ओबरनडॉर्फर या डॉक्टरांच्या संग्रहात आला. जीवाश्म जमवणे हा त्यांचा छंद होता. तो कोणत्या खाणीतून मिळाला हे त्यांनी नोंदवून ठेवले नाही, बहुधा इतर संग्राहकांनी तेथे धाव घेऊ नये म्हणून. त्यामुळे खाणीचे नाव आजही अनुमानानेच घ्यावे लागते. म्यूनिकचे प्राध्यापक योहान आंद्रेआस वाग्नर यांनी १८५९ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘कॉम्प्सोग्नॅथस लाँगिपेस’ हे नाव दिले. १८६१ मध्ये त्यांनीच अधिक तपशीलवार वर्णन लिहिले. हा सांगाडा पुढे म्यूनिकच्या शासकीय संग्रहात गेला आणि आजही तेथेच आहे.

प्रश्न : छायाचित्रात या प्राण्याची मान पाठीवर उलटी वळलेली दिसते. मरताना त्याला झटके आले होते काय?

उत्तर : प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. म्यूनिकच्या पाटीवर प्राणी कुशीवर पडलेला आहे, मान मागे कमानीसारखी वळून कवटी पाठीच्या वर आलेली आहे आणि शेपटीही वर उचललेली आहे. अशी ठेवण अनेक डायनासोरांच्या आणि आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या सांगाड्यांतही दिसते. मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे किंवा विषबाधेमुळे मरताना स्नायू आखडतात आणि त्यामुळे मान मागे खेचली जाते, असे स्पष्टीकरण विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिले जात होते, आणि २००७ मध्ये ते नव्याने मांडले गेले.

२०१२ मध्ये आखिम राइसडॉर्फ आणि मिखाएल वुट्के यांनी नेमका कॉम्प्सोग्नॅथसचा आणि त्याच्या बव्हेरियातील आणखी एका छोट्या नातेवाइकाचा सांगाडा घेऊन या कल्पनेची तपासणी केली. लांब मानेच्या प्राण्यांत मणक्यांच्या वरच्या बाजूने एक लवचीक बंध जातो आणि जिवंतपणी तो मान उचलून धरण्याचे काम करतो. मृत्यूनंतर मांस सडू लागते, तरी हा बंध बराच काळ ताणलेला राहतो, आणि देह पाण्यात असला म्हणजे त्याचे वजन हलके होऊन बंधाच्या ओढीला अडवणारे काही उरत नाही. मान मग आपोआप मागे वळते. त्यांनी कोंबडीच्या माना पाण्यात सोडून हे प्रत्यक्ष पाहिले. तेव्हा उलटी मान पाहून प्राण्याच्या मरणयातनांची कल्पना करण्याचे कारण नाही. ती पाण्यात पडलेल्या प्रेताची खूण आहे, आणि खाजणाच्या वर दिलेल्या वर्णनाशी ती चांगली जुळते.

प्रश्न : तो सरडे खात होता हे इतक्या खात्रीने कसे सांगता येते? दातांवरून आहाराचा अंदाज करता येतो हे समजते, पण ‘सरडा’ इतके नेमके कसे?

उत्तर : दातांवरून नव्हे, पोटावरून. त्याचे दात लहान, टोकदार आणि एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेले आहेत. त्यांवरून प्राणी मांसाहारी होता आणि त्याची शिकार लहान असावी, एवढे सांगता आले असते. पण म्यूनिकच्या पाटीवर बरगड्यांच्या आत आणखी एका प्राण्याची बारीक हाडे स्पष्ट दिसतात, आणि या हाडांचा इतिहास संपूर्ण सांगाड्याच्या इतिहासाइतकाच रंजक आहे.

अमेरिकेचे प्रसिद्ध पुराजीवशास्त्रज्ञ ओथनिएल मार्श यांनी हा नमुना पाहिला आणि १८८१ मध्ये असे सुचवले की, आतील सांगाडा हा कॉम्प्सोग्नॅथसचाच गर्भ असावा. तसे असते तर डायनासोर पिल्लांना जन्म देत, हा पहिला पुरावा ठरला असता. मार्श साधे निरीक्षक नव्हते, अनेक प्रसिद्ध डायनासोरांना त्यांनी नावे दिली होती, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होते. १९०३ मध्ये हंगेरीचे फ्रान्झ नोप्चा यांनी ती हाडे नीट तपासली आणि ती सरड्याची असल्याचे दाखवले. गर्भ असता, तर त्याच्या हाडांची घडण आईच्या हाडांशी जुळायला हवी होती. ती सरड्यांच्या हाडांशी जुळत होती. तेव्हापासून ‘गर्भ’ गेला आणि ‘भक्ष्य’ आले.

१९७८ मध्ये येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांनी या सांगाड्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, ही कल्पना ज्यांनी विसाव्या शतकात पुन्हा उभी केली, ते हेच ऑस्ट्रम. पोटातील सरडा त्यांनी ‘बव्हेरिसॉरस’ या त्याच भागातील ज्ञात सरड्याचा ठरवला. त्याची शेपटी आणि पाय लांब होते, म्हणजे तो चपळ होता. अशा प्राण्याला पकडायचे तर नजर तीक्ष्ण हवी आणि क्षणात वेग घेता यायला हवा. भक्ष्याच्या पायांवरून भक्षकाच्या स्वभावापर्यंत जाणारा हा तर्क आम्हाला या सबंध विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यात ताणून धरलेले काही नाही, कारण पकडलेला सरडा समोरच आहे. २०१८ मध्ये जॅक कॉनराड यांनी हा सरडा बव्हेरिसॉरसपेक्षा वेगळा असल्याचे दाखवून त्याला ‘शोनेस्माल’ असे स्वतंत्र नाव दिले. सरड्याचे नाव बदलले, ऑस्ट्रम यांच्या तर्काला मात्र त्यामुळे धक्का बसत नाही.

फ्रान्समधील सांगाड्याच्या पोटातही लहान सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. दोनच सांगाडे आणि दोन्हींच्या पोटात जेवण, असा योग इतर मांसाहारी डायनासोरांच्या बाबतीत क्वचितच येतो. टायरॅनोसॉरससारख्या मोठ्या प्राण्याचे कितीतरी अधिक सांगाडे हाती आहेत, पण त्याच्या आहाराविषयी बहुतेक वेळा भक्ष्याच्या हाडांवर उमटलेल्या दातांच्या खुणांवरून बोलावे लागते.

प्रश्न : याच पाटीवर त्याची अंडीही आहेत असे वाचले होते. ते खरे आहे काय?

उत्तर : पाटीवर सांगाड्याच्या आसपास सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे काही अनियमित गोल आहेत. १९९३ मध्ये ती न घातलेली अंडी असावीत असे सुचवण्यात आले. पण हे गोल शरीराच्या पोकळीबाहेर आहेत. शिवाय कॉम्प्सोग्नॅथस आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांच्या गटातल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या चिनी डायनासोराच्या पोटात आढळलेली अंडी सुमारे ३७ मिलिमीटर लांब आहेत, आणि तीही दोनच. त्या मानाने कॉम्प्सोग्नॅथसची ‘अंडी’ फारच लहान ठरतात, म्हणून बहुतेक अभ्यासक ती अंडी मानत नाहीत.

प्रश्न : एका जुन्या पुस्तकात या डायनासोराच्या हातांना वल्ह्यांसारखे पडदे दाखवले आहेत, दुसऱ्यात त्याला दोनच बोटे आहेत आणि तिसऱ्यात तीन. चित्रकारांची ही मनमानी म्हणायची काय?

उत्तर : चित्रकारांनी त्या त्या काळातील शास्त्रज्ञांचे ऐकले, त्यामुळे दोष त्यांच्याकडे जात नाही.

पडद्यांची गोष्ट फ्रान्समधील सांगाड्यापासून सुरू होते. १९७१ मध्ये काँज्युएर पठारावरील चुनखडकात तो सापडला, आणि हा चुनखडकही बव्हेरियातील दगडासारखाच बारीक कणांचा आहे. १९७२ मध्ये आलँ बिदार, लुई दमे आणि जेरार तोमेल यांनी त्याचे वर्णन करताना ती वेगळी प्रजाती ठरवली आणि तिचे पुढचे पाय पोहण्यासाठी वल्ह्यासारखे झाले होते, असा दावा केला. सांगाड्याचा आकार बव्हेरियातील नमुन्याच्या दीडपटीजवळ होता आणि हाताच्या भागात दगडावर काही लाटेसारख्या रेषा होत्या. त्या रेषांना त्यांनी कातडीच्या पडद्याचा ठसा मानले. काही पुस्तकांतून पाण्यात पोहणारा कॉम्प्सोग्नॅथस अवतरला तो यामुळे. ऑस्ट्रम यांनी त्या रेषा पाटीच्या पृष्ठभागावरील नुसत्या उंचसखलपणाच्या असल्याचे दाखवले. २००६ मध्ये कारिन पायर यांनी या सांगाड्याचा पुन्हा तपशीलवार अभ्यास केला. त्यांनी ऑस्ट्रम यांच्या मताला दुजोरा दिला, आणि दोन्ही नमुन्यांतील फरक वयाचे असून प्रजाती एकच आहे असा निष्कर्ष काढला. हा सांगाडा १९८३ पासून पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाच्या मालकीचा आहे.

बोटांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. म्यूनिकच्या पाटीवर हातांची हाडे सुटून इकडेतिकडे पसरली आहेत आणि कोणते हाड कोणत्या बोटाचे, हे ठरवताना अभ्यासकांत मतभेद झाले. बोटे दोनच होती असे ऑस्ट्रम यांचे मत होते आणि ते बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. नंतरच्या अभ्यासांत तिसरे बोटही होते, मात्र ते बारीक झालेले होते, असे ठरले. या गटातील इतर प्राण्यांचे हातही तीन बोटांचे आहेत, म्हणून आज तीन बोटांचे चित्र अधिक विश्वासार्ह मानावे. दोन बोटांचा कॉम्प्सोग्नॅथस एखाद्या नव्या पुस्तकात दिसला, तर चित्र जुन्यावरून उतरवले आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : त्याच्या अंगावर पिसे होती की खवले?

उत्तर : दोन्ही पाट्यांवर पिसांचा ठसा नाही. त्याच बव्हेरियाच्या चुनखडकात आर्किऑप्टेरिक्सची पिसे मात्र सुरेख उमटली आहेत. यावरून कॉम्प्सोग्नॅथसला पिसे नव्हतीच असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. आर्किऑप्टेरिक्सची मोठी, ताठ पिसे एक गोष्ट, आणि अंगावरची बारीक, मऊ तंतूंची लव दुसरी. पाण्यात काही काळ तरंगत राहिलेल्या प्रेतावरून लव सहज गळून जाऊ शकते.

अप्रत्यक्ष पुरावा लवेच्या बाजूने आहे. १९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतात सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तंतूंची किनार दिसली. पक्षी नसलेल्या डायनासोराच्या अंगावर पिसांचे आद्य रूप सापडण्याची ही पहिली वेळ होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे भरलेल्या पुराजीवशास्त्रज्ञांच्या परिषदेत या नमुन्याची छायाचित्रे हातोहात फिरली. तेथे ऑस्ट्रमही होते. त्यांनी डाइनोनायकस हा मांसाहारी डायनासोर आणि आर्किऑप्टेरिक्स यांच्या हाडांवरून मांडलेल्या पक्षी-डायनासोर नात्याला असा दृश्य आधार मिळेल, याची १९७८ मध्ये कोणाला कल्पना नव्हती. २०१० मध्ये याच प्राण्याच्या तंतूंमधील रंगकणांच्या अवशेषांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते, असेही दाखवण्यात आले.

खवल्यांची बाजूही रिकामी नाही. बव्हेरियातच सापडलेल्या आणि २००६ मध्ये नाव मिळालेल्या ज्युराव्हेनेटर या लहान डायनासोराच्या शेपटीवर खवले स्पष्ट दिसतात. नंतर अतिनील प्रकाशात पाहता त्याच नमुन्यावर तंतूंसारख्या खुणाही आढळल्या. एकाच प्राण्याच्या अंगावर एका भागात खवले आणि दुसऱ्या भागात तंतू असू शकतात, आणि आजच्या पक्ष्यांच्या पायांवरील खवले पाहता त्यात नवल काही नाही. कॉम्प्सोग्नॅथसचे चित्र काढायचे तर अंगावर लव आणि पायांवर खवले दाखवणे आम्हाला अधिक रास्त वाटते, मात्र हा नातेवाइकांवरून केलेला तर्क आहे, पाटीवर पाहिलेली गोष्ट नव्हे.

प्रश्न : चित्रपटात हे प्राणी टोळीने माणसावर तुटून पडताना दाखवतात, शिवाय त्यांचा दंश विषारी असल्याचेही ऐकले आहे.

उत्तर : दोन्हींना आधार नाही. एक सांगाडा बव्हेरियात, दुसरा फ्रान्समध्ये, आणि दोन्ही एकटे. त्यांवरून कळपाने राहण्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. विषासाठी दातांवर खाच किंवा जबड्यात ग्रंथीची जागा दिसायला हवी. तसे काही या कवट्यांत नोंदलेले नाही.

प्रश्न : तो ताशी ६४ किलोमीटर वेगाने धावत असे, असे वाचले. शहामृगापेक्षाही वेगवान?

उत्तर : हा आकडा २००७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाचे विल्यम सेलर्स आणि फिलिप मॅनिंग यांनी संगणकीय प्रतिकृतीवरून काढला. हाडांची मापे आणि स्नायूंचे अंदाज यांवरून त्यांनी एक आभासी प्राणी तयार केला आणि तो पडू न देता कमाल किती वेगाने धावू शकतो, हे संगणकाला शोधायला लावले. कॉम्प्सोग्नॅथससाठी सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६४ किलोमीटर एवढा वेग आला. त्याच पद्धतीने टायरॅनोसॉरससाठी सेकंदाला ८ मीटर आणि शहामृगासाठी १५.४ मीटर आला. पद्धत पडताळण्यासाठी त्यांनी माणसाचीही प्रतिकृती चालवली आणि तिचा वेग सेकंदाला ७.९ मीटर आला. उत्तम धावपटू याहून बरेच अधिक वेगाने धावतात, यावरून अशा आकड्यांत किती ढिलाई असते याची कल्पना यावी.

शिवाय तीन किलोच्या प्राण्याच्या स्नायूंविषयी केलेले छोटे गृहीतही अंतिम आकड्यात मोठा फरक पाडू शकते. नडगीचे हाड मांडीच्या हाडापेक्षा लांब, तळव्याची हाडे लांब आणि एकमेकांलगत, शरीर हलके, या गोष्टी मात्र कोणत्याही प्रतिकृतीवाचून दिसतात. तो उत्तम धावणारा होता हे निर्विवाद आहे. ताशी ६४ हा आकडा मात्र डोळे झाकून घोकण्यासारखा नाही.

प्रश्न : पक्षी कॉम्प्सोग्नॅथसपासून निर्माण झाले, असे म्हणता येईल काय?

उत्तर : नाही, कारण आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी त्याच्याच काळात, त्याच बेटांवर वावरत होता. समकालीन प्राणी पूर्वज कसा होईल? पण पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातील नात्याचा विचार सुरू होण्यात या सांगाड्याचा वाटा फार मोठा आहे. कार्ल गेगेनबाउर यांनी १८६०च्या दशकात त्याच्या घोट्याची हाडे पक्ष्यांच्या घोट्यासारखी असल्याचे दाखवून दिले. १८६८ मध्ये टी. एच. हक्स्ले यांनी पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या मधल्या दुव्यांची चर्चा करताना कॉम्प्सोग्नॅथसला त्यात मानाचे स्थान दिले. त्यांच्या युक्तिवादाचे बळ पंखांवर नव्हते, पायांवर होते.

हे साम्य किती आहे, ते पुढच्या एका घटनेवरून दिसते. १९५१ मध्ये आइखश्टेट जवळ सापडलेला एक लहान सांगाडा कॉम्प्सोग्नॅथसचा समजून ठेवला गेला. १९७०च्या दशकात बारकाईने पाहता त्याच्याभोवती पिसांचे अगदी पुसट ठसे आढळले आणि तो आर्किऑप्टेरिक्स निघाला. १९८८ मध्ये वर्णन झालेल्या आणखी एका आर्किऑप्टेरिक्सची कथाही अशीच आहे, त्याच्या संग्राहकाला तो आधी कॉम्प्सोग्नॅथस वाटला होता. पिसांचे ठसे नसते, तर हाडांवरून दोघांत भेद करणे तज्ज्ञांनाही सोपे गेले नसते.

प्रश्न : हे सगळे लहान डायनासोर म्हणजे मोठ्या डायनासोरांची पिल्लेच असतील, अशी शंका येते. तसे कोणी म्हटले आहे काय?

उत्तर : म्हटले आहे, आणि शंका वाजवी आहे. २०१२ मध्ये बव्हेरियातूनच स्क्युरुमिमस नावाचा सुमारे ७२ सेंटिमीटर लांबीचा, अंगावर लव असलेला डायनासोर वर्णिला गेला. दिसायला तो कॉम्प्सोग्नॅथसच्या पंक्तीत शोभला असता, पण तो मेगॅलोसॉरससारख्या भल्यामोठ्या मांसाहारी डायनासोरांच्या कुळातील पिल्लू असावा, असे त्याच्या अभ्यासकांनी मांडले. इटलीतील पिएत्रारोया येथील सिपियोनिक्स हा तर अंड्यातून नुकताच बाहेर आलेला जीव. १९९८ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा त्याच्या आतड्यांच्या वळ्यासुद्धा दगडात दिसत होत्या. त्याला कॉम्प्सोग्नॅथसच्या गटात ठेवले गेले होते, मात्र आंद्रेया काऊ यांनी अलीकडच्या काळात तो आणि या गटातील आणखी काही प्राणी निरनिराळ्या मोठ्या कुळांची पिल्ले असावीत, असे सुचवले आहे. सगळ्या पिल्लांची डोकी प्रमाणाने मोठी, डोळे मोठे आणि दात साधे असतात, त्यामुळे वेगवेगळ्या कुळांची पिल्ले एकमेकांसारखी दिसतात आणि वर्गीकरणात एकत्र ओढली जातात, असा हा युक्तिवाद आहे.

गटाच्या बाबतीत हा युक्तिवाद आम्हाला बराच पटतो. खुद्द कॉम्प्सोग्नॅथसच्या बाबतीत सावधपणे बोलावे लागेल. बव्हेरियातील प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता हे बहुतेकांना मान्य आहे. फ्रान्समधील प्राणी त्याच्या दीडपटीजवळ आहे, म्हणजे वाढ निदान तेवढी होत होती. ती तेथेच थांबत होती काय, हे ठरवण्याची रूढ पद्धत हाडाचा पातळ काप घेऊन त्यातील वाढीची वलये पाहण्याची आहे. वलये बाहेरच्या कडेपाशी एकमेकांत दाटलेली दिसली, तर वाढ संपत आली होती असे समजतात. ती ऐसपैस अंतरावर असली, तर प्राणी अजून वाढत होता असे मानावे लागते. मात्र असा काप घेण्यासाठी हाड कापावेच लागते.